ओक्ताव्हचा अंगठा

अल्सीद पेल्तिये याला तुम्ही मारलंत. टेकडीने नाही, पावसाने नाही, त्याच्या वयाने तर नाहीच. तुम्ही. नगरभवनाच्या पहिल्या मजल्यावर, महापौराच्या खुर्चीत नदीकडे तोंड करून बसून, एका कागदावर सही करून. तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव लिहिलं की तुमचा वकील बोलायला लागेल, आणि मला वकिलाचं ऐकायचं नाही. मला तुमचं ऐकायचंय.

मी गिस्लेन वर्दिये, खाणगल्ली, घर नंबर नऊ. वय त्रेसष्ट. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, त्यानंतर एकतीस वर्षं मी या टेकडीच्या पोटात दिव्याच्या उजेडात अळंबी खुडली. बाकी जे काही शिकले ते वाचनालयात, सुट्टीच्या दिवशी, ओले बूट बाहेर काढून ठेवून. आमच्या कुर्बव्हाल शहराचा इतिहास आणि भूगोल मी चार वह्यांत लिहून काढलाय. त्यावरून गल्ली मला ‘प्राध्यापक बाई’ म्हणते. नोव्हेंबरात तुम्हीही म्हणालात, पाहुण्यांसमोर, हसून. मी विसरलेले नाही.

शाळेच्या पुस्तकात आमच्या शहराचा इतिहास एका धड्यात असायचा आणि भूगोल दुसऱ्या. ते साफ चूक आहे. इथे एकातून दुसरा उकरून काढलाय. मठाच्या चर्चला जेवढा पांढरा दगड लागला तेवढं भोक सोरन नदीच्या वळणावरच्या टेकडीला पडलं. पूल बांधला, भोक वाढलं. तटबंदी बांधली, आणखी वाढलं. मग होड्या भरभरून दगड नदीने खाली जाऊ लागला, आणि ज्या शहरांचे मनोरे आमच्या दगडाचे आहेत त्यांना आमचं नावही माहीत नाही. पुढे मागणी आटली तेव्हा रिकाम्या भुयारांत अळंबी आली, युद्धात जर्मनांचा दारूगोळा आला, मग पुन्हा अळंबी. आज टेकडीत बावीस किलोमीटर भुयारं आहेत. त्यांच्या वर आमची गल्ली, बारा घरं, एकेक घर आपापल्या तळघरातून काढलेल्या दगडाचं. म्हणजे आमच्या पूर्वजांनी पायाखालची जमीन उचलून डोक्यावर ठेवली आणि तिला घर म्हटलं. हे आम्हाला पहिल्यापासून ठाऊक आहे. आम्ही वेडे नाही. आमच्याकडे साक्षीदार होते.

साक्षीदार म्हणजे प्लास्टरची पट्टी, तळहाताएवढी. खालच्या खांबाला भेग दिसली की तिच्यावर आडवी थापायची. ओली असताना खिळ्याने तारीख कोरायची आणि घरच्या कर्त्याने शेजारी अंगठा उमटवायचा. प्लास्टर ताणलं जात नाही. टेकडी केसभर हलली तरी ते तडकतं. दर वर्षी खाणकामगारांची संत सेंत बार्ब हिच्या सणाला, चार डिसेंबरला, सगळं घर दिवा घेऊन खाली उतरतं. साक्षीदार अखंड असेल तर एकजण जिन्यावरून ओरडतो, “अखंड!” आणि वर वाइनची बाटली फुटते. तडकलेला असेल तर त्याच दिवशी गाद्या गुंडाळायच्या आणि घर सोडायचं. वाद नाही, विचारविनिमय नाही. माझ्या आजोबांच्या आयुष्यात गल्लीतली दोन घरं बसली. दोन्ही रिकामी होती. दोनशे वर्षांत या गल्लीत दबून कोणी मेलं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारपर्यंत.

गुरुवार म्हणजे बाजाराचा दिवस. साडेदहाला मी टोपली घेऊन निघाले तर सात नंबरच्या खिडकीत अल्सीद, हनुवटीला दाढीचा साबण तसाच.

“काय प्राध्यापक बाई, आज कुठली लढाई?”

“कांदापातीची. अल्सीद, तुमच्या उंबऱ्यावर वाळू पडलीये. चौकटीतून गळतेय बघा.”

“टेकडी केस विंचरतेय. म्हातारीचे केस गळायचेच.”

“हसू नका. खाली जाऊन या.”

“सकाळीच जाऊन आलो गं. माझा साक्षीदार अखंड आहे, तुझ्या गालासारखा गुळगुळीत. बरं, बकरीचं चीज आण माझ्यासाठी एक. पण लेरूबाईकडचं नको. तिच्या चीजला तिच्या नवऱ्याचा वास येतो.”

हे त्याचे माझ्याशी शेवटचे शब्द. एका म्हाताऱ्याच्या चीजवरच्या विनोदाला मी हसले आणि उतार उतरून गेले.

अकराला मी चीजच्या गाड्यापाशी उभी होते. आवाज मोठा नव्हता. जड माणूस खुर्चीत बसताना जो श्वास सोडतो तसा काहीसा. मग गल्लीच्या तोंडातून पांढरी धूळ उतरत आली, सावकाश, आणि भाज्यांवर, टोप्यांवर, माशांच्या बर्फावर बसली. मी वर धावले. सहा नंबर होतं, आठ नंबर होतं. त्यांच्यामध्ये आकाश होतं. आठ नंबरच्या भिंतीला अल्सीदच्या माडीवरचा आरसा अजून लटकत होता आणि त्यात पुलाचं प्रतिबिंब दिसत होतं. चीजची पुडी माझ्या हातात होती. मी ती किती वेळ धरून होते, मला सांगता येणार नाही.

दुपारी एकला तुम्ही आलात, पिवळं जाकीट घालून. तुम्ही म्हणालात, “ही एकट्या घराची दुर्दैवी घटना आहे. बाकी अकरा घरांतले साक्षीदार आम्ही शरद ऋतूत स्वतः तपासलेत. सगळे अखंड आहेत. निश्चिंत राहा.” आणि आम्ही राहिलो. त्या वाक्यावर अकरा घरांत त्या रात्री दिवे लागले.

अग्निशमनवाल्यांनी शनिवारी अल्सीदला वर काढलं. रविवारी त्याचा खांब काढला, तुकड्यातुकड्यांत. एक तुकडा त्यांनी माझ्या पायाशी आणून टाकला, कुत्र्याच्या घराएवढा. त्यावर साक्षीदार होता. तारीख एकोणीसशे सत्याऐंशी. एकही तडा नाही.

मी तिथेच फरशीवर बसले. वाचकहो, तुम्ही आमच्या गल्लीचे नाही, म्हणून सांगते हे कसं वाटतं ते. घड्याळ बंद पडलं असं नाही. सूर्य उगवला आणि अंधारच राहिला, असं. घर तीस फूट खाली गेलं, माणूस मेला, आणि साक्षीदार अखंड! मग दोनशे वर्षं आम्ही कशाच्या भरवशावर झोपलो?

अग्निशमनवाला म्हणाला, “मादाम, उठा, थंडी आहे.” मी उठले नाही. मी बघत बसले. आणि हळूहळू मला दिसायला लागलं. अडतीस वर्षांचं प्लास्टर आमच्या तळघरात पिवळं पडतं, त्याला घामाचे डाग येतात. हे पांढरं होतं, दुधासारखं. आणि अंगठ्याच्या ठशावर एक तिरपी रेघ होती, जुन्या जखमेची. अल्सीदच्या अंगठ्यावर जखम नव्हती. मी त्याच्याबरोबर वीस वर्षं काम केलंय, त्याचे हात मला माझ्या हातांइतके माहीत.

मी माझ्या तळघरात गेले. माझ्या बापाचा साक्षीदार, एकोणीसशे एकसष्ट. पांढरा. अंगठ्यावर तिरपी रेघ.

मग मी घरोघर गेले. कोणी विचारलं, “काय झालं गिस्लेन?” तर सांगितलं, “बॅटरी द्या, गप्प राहा.” अकरा तळघरं. अकरा वेगवेगळ्या तारखा, सर्वांत जुनी एकोणीसशे बत्तीसची. अकरांवर एकच अंगठा, एकच तिरपी रेघ.

आता माझाही गुन्हा लिहिते, म्हणजे तुम्हाला तो शोधायचे कष्ट नकोत. ऑक्टोबरात तुमच्या माणसांनी ‘तपासणी’साठी तळघरांच्या किल्ल्या मागितल्या, त्या आम्ही दिल्या. आणि चार डिसेंबरला मी स्वतः खाली उतरले होते, या नव्या प्लास्टरसमोर उभी राहिले होते, आणि जिन्यावरून ओरडले होते, “अखंड!” आम्ही लहानपणापासून भेग बघायला शिकलो. अंगठा बघायला आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. तशी गरजच कधी पडली नव्हती.

ती तिरपी रेघ मी कुठेतरी पाहिली होती. सोमवारी सकाळी पुलाजवळच्या कॅफेत ती मला दिसली, कॉफीच्या कपाच्या कानावर. रेजी ब्लांशे, गवंडी, पन्नाशीचा, पुलापलीकडचा. त्या बाजूला जमीन भरीव आहे, तिथल्या लोकांना तळघर म्हणजे बटाटे ठेवायची जागा.

मी त्याचा हात धरला आणि टेबलावर उलटा केला.

“अरे अरे, गिस्लेन! लग्नाची मागणी घालतेस का?”

“हा अंगठा माझ्या बापाच्या साक्षीदारावर काय करतोय?”

तो हसत होता. हसतच म्हणाला, “अच्छा, ते. छान जमलंय ना? ऑक्टोबरात केले सगळे. टेकडीवरचे मिळून चौसष्ट. तीन आठवडे कंबर मोडली माझी. ‘वारसा नगर’ का काय तो किताब मिळायचा होता ना, समिती येणार होती तळघरं बघायला. नगरभवनातून सांगितलं, सगळे साक्षीदार जीर्णोद्धारात घे. जसे होते तसेच कर, तारखेसकट. मी एकेक अक्षर बघून कोरलंय, हो. जुन्या माणसांचा सातचा आकडा सुद्धा तसाच काढलाय.”

“जुने कुठे गेले?”

“खरवडले. त्याशिवाय नवं धरत नाही. आणि खाली जाळी घातली, पाहुण्यांसमोर तडकायला नको म्हणून.”

“त्यातले तडकलेले होते?”

कॉफीचं यंत्र फुसफुसत होतं, ते थांबलं. मालकीणबाईंनी थांबवलं असावं.

“असतील काही,” रेजी म्हणाला. “जुनी वस्तू म्हटल्यावर...”

“तू गवंडी आहेस ना रे? भेगेवरचं प्लास्टर कशासाठी असतं हे तुला कळत नाही?”

“कळतं गं! मी विचारलं होतं. शपथ. मी म्हटलं, साहेब, हे तुटलेत त्यांचं काय? तर म्हणाले, भूगर्भाची मोजणी आता यंत्रं करणार आहेत, हे फक्त दाखवायचे आहेत. तुटका वारसा बरा दिसत नाही.”

“यंत्रं बसली?”

“ते मला काय माहीत? मी प्लास्टरवाला.”

(यंत्रं बसलेली नाहीत. ती नगरभवनाच्या वाहनतळात खोक्यांत आहेत. मी खोक्यांवर हात ठेवून आलेय.)

“अल्सीदचा,” मी म्हटलं. “सात नंबर. तो कसा होता?”

त्याने कप खाली ठेवला. पन्नास वर्षांच्या माणसाचा चेहरा इतक्या पटकन म्हातारा होताना मी पाहिला नव्हता.

“अल्सीद तेव्हा इस्पितळात होता ना, डोळ्यांसाठी,” तो म्हणाला. “मुलीने किल्ली दिली. त्याचा... मला आठवतो, कारण तो पट्टी काढताना हातातच आला. दोन ठिकाणी तुटला होता. आरपार.”

म्हणजे टेकडीने अल्सीदला सांगितलं होतं. ऑक्टोबरात, अगदी स्पष्ट, दोनदा. तुम्ही ते बोलणं खरवडून काढलंत आणि त्याच्या जागी एक हसरं खोटं थापलंत. तो म्हातारा डोळे दुरुस्त करून परत आला आणि त्या दुरुस्त डोळ्यांनी चार महिने रोज सकाळी तुमचं खोटं वाचत राहिला.

“बाकीचे कुठले तुटले होते?”

“चौसष्ट होते गं! मी भेगा बघत नव्हतो, मी आकडे बघत होतो, कोरायचे म्हणून. पण फोटो आहेत. सुरू करण्याआधी प्रत्येकाचा फोटो काढायचा, नंबर घालून, असा हुकूम होता. मी सगळे दिलेत वर. माझ्याकडे एकही नाही.” मग तो मला, माझा तळवा दोन्ही हातांत धरून, लहान पोरासारखं म्हणाला, “मी जसे होते तसेच केले, गिस्लेन. मी जसे होते तसेच केले.”

त्या दिवशी दहा घरं रिकामी झाली, माझं धरून. कोणी बहिणीकडे, कोणी शाळेच्या व्यायामशाळेत. तुम्ही पाटीवर नोटीस लावलीत की ‘अफवांवर विश्वास ठेवू नये’. अफवेला अंगठा असतो का, एवढं जरा सांगा.

राहिलं एक घर. नंबर बारा, गल्लीच्या टोकाला, जिथे टेकडी नदीवर झुकते. तिथे बेर्तीय मावशी राहते. माझ्या आईची मावसबहीण, शहाऐंशी वर्षांची, खुबा मोडलेला. नऊ वर्षांत ती तळघरात उतरलेली नाही. दर सेंत बार्बला मी तिच्या वतीने खाली जाते आणि ओरडते. तिला फक्त तो एक शब्द लागतो. खाली तिच्या नवऱ्याने, ओक्ताव्हने, एकोणीसशे चौऱ्याहत्तरात थापलेला साक्षीदार आहे. ओक्ताव्ह एकोणऐंशीत गेला. त्याची कबर नदीपलीकडे आहे, पण मावशी तिथे कधी जात नाही. ती म्हणते तो खाली आहे, घराला खांदा देऊन उभा आहे.

“मावशी, कोट घाल. निघायचंय.”

“का? तू ओरडलीस ना अखंड म्हणून?”

“ते खोटं होतं. प्लास्टर नवं आहे. तो ओक्ताव्हचा अंगठा नाही.”

“पोरी, तू वाचतेस फार. तुझी आई म्हणायचीच, हिचे डोळे जातील.” ती वाटाणे सोलत होती, सोलतच राहिली. “ओक्ताव्हने सांगितलं होतं, मी तुटलो तर जा. तुटलो नाही तर कुणी घोड्यावर बसून आला तरी हलू नकोस. जर्मन घोड्यावर बसून आले होते, तेव्हाही माझी सासू हलली नाही.”

“स्वयंपाकघराचं दार घासतंय, मावशी. गेल्या आठवड्यात घासत नव्हतं.”

“दमट हवा आहे.”

मी तिला उचलून नेऊ शकले असते. चाळीस किलोचीही नाही ती. पण तसं नेलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी काठी टेकत परत आली असती, मी तिला ओळखते. म्हणून मी तिच्याच परातीतून फुए नावाच्या छोट्या पावांसाठी भिजवलेल्या कणकेचा गोळा घेतला, खाली गेले आणि तिच्या साक्षीदारावर दाबला. वर आणून तिच्या ओच्यात ठेवला. तिला आता बारीक दिसत नाही. तिने वाटाण्याची शेंग बाजूला ठेवली आणि बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग टोकाशी थांबली.

तिचा हात तिथेच राहिला.

“हा पूर्ण आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“हा अंगठा पूर्ण आहे, गिस्लेन. नख असतं तिथपर्यंत.” तिचा आवाज इतका खाली गेला की मला वाकावं लागलं. “ओक्ताव्हला हे पेर नव्हतं. दगडाच्या करवतीने नेलं होतं, आमच्या लग्नाच्या आधीच. तो हात खिशात ठेवायचा, म्हणून तुम्हा पोरांना कधी कळलं नाही. त्याचा ठसा अर्धा होता. मी स्वतः मेणबत्ती धरली होती. मी हसले होते त्याला, म्हटलं, हा काय शिक्का, अर्ध्या माणसाचा.”

रेजीला मी नंतर विचारलं. त्याला आठवत होतं. “बारा नंबरचा ना? तो झिजलेला वाटला. म्हणून मी पूर्ण उठवला.”

ओक्ताव्हचा अर्धा अंगठा तुम्ही पूर्ण केलात. काय बोलू मी यावर? एकतीस वर्षं अंधारात काढली, शिव्यांची मला कमतरता नाही. पण यासाठी शिवी सापडत नाही.

मला वाटलं आता ती उठेल. ती उठली. काठी घेऊन कपाटापाशी गेली, काळा कोट काढला, मीच बटणं लावली. टोपी घातली. पिशवीत ओक्ताव्हचा फोटो, औषधं आणि वाटाणे भरले. आणि मग दाराकडे न येता परत खुर्चीत बसली, पिशवी मांडीवर घेऊन.

“मावशी?”

“त्यांनी त्याला खरवडला तेव्हा तो कसा होता?”

“कोण?”

“ओक्ताव्ह. तुटलेला होता की अखंड?”

“मला माहीत नाही.”

“मग कोणाला माहीत आहे?”

“नगरभवनात फोटो आहेत.”

“तर मग जा आणि विचार. तुटला असेल तर मी निघाले, ही बघ, कोटसुद्धा घातलाय. अखंड असेल तर तो अजून घर धरून आहे, आणि मी त्याला एकटं टाकून जाणार नाही. पण हे मला त्याच्या तोंडून कळायला हवं. या भामट्यांच्या नको.”

मी गेले. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या की फोटो किताबाच्या फाइलबरोबर आहेत, लेखी अर्ज करा, दोन महिन्यांत उत्तर येईल. मी म्हटलं, “बाई, एक म्हातारी कोट घालून बसलीये.” त्या म्हणाल्या, “मादाम, नियम सगळ्यांना सारखे.” मी जिना चढून तुमच्या दारापर्यंत आले. आतून तुमचा आवाज येत होता. मी ठोठावलं तसा तो बंद झाला, आणि दार उघडलं नाही.

म्हणून हे लिहून छापून घेतलंय आणि पुलाच्या दोन्ही टोकांना, चर्चच्या दारावर, चीजच्या गाड्यावर लावतेय. लेरूबाईने स्वतःहून जागा दिली.

मी तुमच्याकडे माफी मागत नाही. फुलं मागत नाही, अल्सीदच्या नावाची पाटी तर अजिबात नको. मला चौसष्टांपैकी एक फोटो हवाय. खाणगल्ली, नंबर बारा, सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर, अर्धा अंगठा.

आज बुधवार. मावशी तीन दिवस कोट घालून बसलीये. झोपते तीही खुर्चीतच, आणि मी समोरच्या बाकावर. स्वयंपाकघराचं दार कालपासून लागत नाही. आज सकाळी मी तिच्या उंबऱ्यावरची वाळू झाडली, आणि दुपारी पुन्हा झाडली.

ओक्ताव्ह तुटलेला होता की अखंड? बोला.